रॅकेटमधलं ग्रंथालयाचं ॲप चिकन स्कीमवर न्यायचंय, कोड एकच ठेवता येईल का?

दाखलनोंद

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या ब वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाचा सगळा कारभार एका वेब ॲपवर चालतो. देवघेव, वर्गणी, अनामत, दाखल नोंदवही, सगळं त्यातच. ग्रंथालयाच्या एका जुन्या सभासदांनी ते रॅकेट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून दिलं. ते आता परदेशी असतात, त्यामुळे देखभाल माझ्याकडे आली. कोड इतका नेटका आहे की तो वाचता वाचताच मी ही भाषा शिकले.

आता शेजारच्या दोन गावांतल्या ग्रंथालयांनाही तेच हवंय. त्यांचे संगणक जुने, रॅम बेताची, नेट असलं तर असलं. तिथे रॅकेट बसवून पॅकेजेस सांभाळत बसण्यापेक्षा चिकन स्कीममधून (ही स्कीम भाषेची एक बोली, तिचा कंपाइलर कोड सी भाषेत उतरवतो) सी-मार्गे एकच चालती फाइल काढावी आणि पेनड्राइव्हवर देऊन यावी, असा विचार आहे. रॅकेट 2010 पर्यंत पीएलटी स्कीम या नावानेच ओळखलं जायचं आणि चिकनही स्कीमच, तेव्हा बराचसा कोड आहे तसा जाईल असं धरून चालले होते.

कंपाइलर जिथे अडतो ते मी निस्तरते आहे. फॉर/लिस्ट नाही, स्ट्रक्ट नाही, विथ-हँडलर्स नाही, कीवर्ड आर्ग्युमेंटची पद्धत निराळी. त्याचं काही वाटत नाही, वेळ जातो एवढंच. काळजी आहे ती मुकाट्याने कंपाइल झालेल्या भागाची.

पहिली गोष्ट. पुस्तकांच्या यादीत लांब शीर्षकं आम्ही 40 अक्षरांवर कापून पुढे तीन टिंबं देतो. चिकनवर ती फारच आखूड कापली जातात आणि काहींच्या शेवटी चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. रॅकेटवर हेच फंक्शन वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललंय.

दुसरी गोष्ट. जुन्या पुस्तकांची यादी साध्या मजकूर फाइलीत आहे. एका ओळीत शीर्षक, खालच्या ओळीत लेखक. ती आत घेतली की चिकनवर शीर्षकाच्या रकान्यात लेखक जातो आणि लेखकाच्या रकान्यात शीर्षक. कोड हा, एका अक्षराचाही बदल नाही:

(लिस्ट (रीड-लाइन पोर्ट) (रीड-लाइन पोर्ट))

(इथे रोमन अक्षरं आणि कंस एकत्र आले की मजकूर विस्कटतो, म्हणून नावं देवनागरीत लिहिली आहेत.)

मूळ ग्रंथालय रॅकेटवरच राहणार आहे. दोन कोड सांभाळणं मला जमणारं नाही. उशिराच्या दंडाचा नियम बदलला तर तो एकाच जागी बदलायला हवा. असं कुणी केलंय का?

कोरेगावकर

बोली बदलण्याआधी एक बघा. फाइलींच्या डोक्यावर नुसतं रॅकेट लिहिलंय की रॅकेट/बेस? पहिल्याने सगळं बिऱ्हाड लोड होतं. बेस ठेवून लागतील तेवढ्याच लायब्ररी मागवल्या तर सुरू व्हायचा वेळ आणि रॅम दोन्ही उतरतात. शिवाय रॅकेटसोबतच येणारी राको एक्झे ही आज्ञा आणि त्यावर राको डिस्ट्रिब्यूट चालवलं की रॅकेट न बसवता चालणारा फोल्डर हातात येतो. पेनड्राइव्हवर तोही मावतो.

कृष्णाकाठ

कोरेगावकरांनी सांगितलंय ते आधी कराच. कदाचित तेवढ्यावर भागेल. पण तुमचे दोन प्रश्न त्याने सुटत नाहीत आणि ते फार महत्त्वाचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. माझं रोजचं काम याच दोन बोलींत आणि थोडं गाईल या स्कीमच्या तिसऱ्या बोलीत चालतं.

फॉर/लिस्ट सापडत नाही तेव्हा कंपाइलर ओरडतो, तुम्ही दुरुस्त करता, विषय संपतो. दगा होतो तो जिथे नाव दोन्हीकडे एकच आहे आणि वागणं वेगळं आहे तिथे. तुम्हाला दिसलेले दोन्ही दोष त्याच जातीचे आहेत. पोर्टिंगचा निम्मा वेळ अशा जागा हुडकण्यात घालवा, असं मी आग्रहाने सांगेन.

शीर्षकांचं घ्या. चिकनच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत मूळ स्ट्रिंग म्हणजे बाइटची माळ. 'ग्रंथालय' हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा. रॅकेटची स्ट्रिंग-लेंग्थ 8 सांगेल, कारण ग, हलन्त, र, अनुस्वार, थ, काना, ल, य अशी आठ युनिकोड चिन्हं त्यात आहेत. चिकन 24 सांगेल, कारण यूटीएफ-8 या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. आता तुमचं सबस्ट्रिंग 40 वर कापतं. सलग देवनागरी असेल तर 40 बाइट म्हणजे तेरा पूर्ण चिन्हं आणि चौदाव्याचा एक बाइट. तो अर्धवट बाइट ब्राउझरला वाचता येत नाही, म्हणून प्रश्नचिन्ह. मध्ये एकबाइटी मोकळी जागा आली की हिशेब सरकतो, म्हणून ते सगळ्याच शीर्षकांना दिसत नाही. पडद्यावर दिसतंय तोवर ठीक, पण अशी कापलेली स्ट्रिंग पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये घालायला गेलात तर तो अवैध बाइट म्हणून सरळ नाकारतो.

उपाय: चिकनमध्ये यूटीएफ8 नावाचं एग (चिकनच्या पॅकेजला एग म्हणतात) घ्या आणि ते इम्पोर्ट करा. मग स्ट्रिंग-लेंग्थ, सबस्ट्रिंग वगैरे चिन्हांच्या हिशेबाने वागतात. सहाव्या आवृत्तीत स्ट्रिंग मुळातच युनिकोडच्या केल्या आहेत, पण तिकडे जायचं तर तुमची सगळी एग्ज त्या आवृत्तीवर आली आहेत का ते आधी तपासा.

मात्र तुमच्या बाबतीत मी ते कापणंच काढून टाकेन. रॅकेटवरही ते चोख नव्हतं. चाळिसावं चिन्ह 'ग्र' मधल्या हलन्तावर पडलं तर शेवटी लंगडा ग् राहतो, वेलांटीच्या आधी पडलं तर वेलांटी गळते. सर्व्हरने पूर्ण शीर्षक पाठवावं आणि सीएसएसमधल्या टेक्स्ट-ओव्हरफ्लोने ब्राउझरला कापू द्यावं. अक्षर कुठे तोडायचं ते त्याला या दोन्ही बोलींपेक्षा चांगलं कळतं. कोडमधून एक फंक्शन कमी झालं की ते पोर्ट करायचाही प्रश्न नाही.

याच्याच उलट दिशेचा एक प्रकार लक्षात ठेवा. चिकनवर लिहिलेला एक हँडलर गाईलवर नेण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यात कंटेंट-लेंग्थ हा हेडर स्ट्रिंग-लेंग्थने भरलेला होता. चिकनवर ते बरोबर पडायचं, कारण तिथे लांबी बाइटमध्येच मिळते. गाईलवर चिन्हांची संख्या गेली, ब्राउझरने तेवढेच बाइट वाचले आणि मराठी पानं मध्येच तुटू लागली. इंग्रजी पानं मात्र धडधाकट. तपासणी इंग्रजी मजकुरावर झाली असती तर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तुमच्या दोन्ही आवृत्त्यांत लांबी मोजायची वेळ आलीच तर आधी स्ट्रिंग->यूटीएफ8 ने बाइटव्हेक्टर करा आणि त्याची लांबी घ्या. आर7आरएस या स्कीमच्या 2013 च्या मानकात ते आहे, चिकनसाठी आर7आरएस एग आहे. रॅकेटमध्ये त्या कामाला स्ट्रिंग->बाइट्स/यूटीएफ-8 आहे.

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे सगळंच बिघडत नाही. स्ट्रिंग<? ने लावलेला क्रम दोन्हीकडे तोच येतो, कारण यूटीएफ-8 ची रचनाच अशी आहे की बाइटचा क्रम आणि चिन्हांचा क्रम जुळतो. मजकुरात मजकूर शोधणंही बाइटवर बिनचूक चालतं. तुमच्या यादीत ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येत असेल, आपल्या वर्णमालेप्रमाणे ह नंतर यायला हवा. तो दोष युनिकोडच्या क्रमातून येतो आणि दोन्हीकडे सारखाच आहे.

आता लेखक-शीर्षकाची अदलाबदल. फंक्शनची आर्ग्युमेंट कोणत्या क्रमाने काढायची हे स्कीमच्या मानकाने मुद्दाम मोकळं सोडलंय. रॅकेट डावीकडून उजवीकडे जाण्याची हमी देतं, चिकन देत नाही, आणि कंपाइलर सोयीने क्रम बदलतो. दोन्ही रीड-लाइन त्याच पोर्टवरून, म्हणजे त्याच उघड्या फाइलीतून वाचतात, म्हणून आधी उजवी चालली की लेखकाच्या जागी शीर्षक गेलंच. असं लिहा:

(लेट* ((शीर्षक (रीड-लाइन पोर्ट))
       (लेखक (रीड-लाइन पोर्ट)))
  (लिस्ट शीर्षक लेखक))

तारा असलेलं लेट*च हवं. साध्या लेटमध्येही क्रमाची हमी नाही. यादीतल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणाऱ्या मॅपचंही तसंच. ज्या मॅपच्या आत फाइल वाचली जाते, डेटाबेसमध्ये नोंद होते किंवा दाखल क्रमांक एकाने वाढतो, तो प्रत्येक मॅप शोधून काढा. दाखल क्रमांक उलटसुलट पडले तर नोंदवहीशी ताळा जमणार नाही आणि ते महिन्यांनी कळेल.

तिसरी जागा हॅश-टेबल. चिकनमध्ये नावंच वेगळी असल्याने ओरडा होईल, पण पुढे कधी गाईल वापरलंत तर जपा. रॅकेटचं हॅश-रेफ किल्ली नसेल तर चूक फेकतं, गाईलचं त्याच नावाचं फंक्शन निमूटपणे असत्य परत करतं. सभासद सापडलाच नाही आणि पुस्तक कुणाच्या तरी नावावर गेलं, असं त्यातून होऊ शकतं. एसआरएफआय (स्कीमच्या बोलींनी सामाईक वापरायच्या लायब्ररींचे क्रमांकित प्रस्ताव) मधल्या 69 ची हॅश-टेबल-रेफसारखी नावं वापरा, ती तिन्हीकडे मिळतात.

आणि कोड एकच ठेवण्याचं. होय, ठेवता येतो. पद्धत अशी: देवघेवीचे नियम, दंड, वर्गणी, शोध, पानांची मांडणी हे सगळं एका गाभा.एससीएम फाइलीत. तिच्या डोक्यावर ना लँगची ओळ, ना मॉड्यूल, ना इम्पोर्ट. मग रॅकेटसाठी एक छोटी फाइल, चिकनसाठी एक. प्रत्येक जण आपल्या पद्धतीने लायब्ररी मागवतो आणि इन्क्लूडने गाभा आत ओढतो. गाभ्यात फक्त दोन्हीकडे असलेलं वापरायचं: याद्यांसाठी एसआरएफआय 1, रेकॉर्डसाठी 9, हॅश-टेबलसाठी 69, मॅक्रो असतील तर फक्त सिंटॅक्स-रूल्स. यादीचे कप्पे जागच्या जागी बदलायचे नाहीत. रॅकेटने 2008 मध्ये चौथ्या आवृत्तीपासून ते बंदच केलंय.

गाभ्याने वेब सर्व्हरला ओळखताच कामा नये. रॅकेटच्या सर्व्हरला रिस्पॉन्स नावाची वस्तू परत हवी असते. चिकनचा वेब सर्व्हर स्पिफी चालू विनंती पॅरामीटरमध्ये ठेवतो आणि उत्तर पाठवण्यासाठी तुम्ही त्याचं फंक्शन बोलवायचं असतं. गाईलला हेडर आणि मजकूर अशी दोन मूल्यं लागतात. यातलं काहीही आत शिरू देऊ नका. गाभ्याचं फंक्शन पद्धत, पत्त्याचे तुकडे आणि फॉर्मची जोडयादी घेईल आणि स्थिती, हेडर, मजकूर अशी तीन घटकांची यादी देईल. बाकी भाषांतर त्या दोन छोट्या फाइलींनी करायचं.

एचटीएमएलसाठी एसएक्सएमएल, म्हणजे पान स्कीमच्या याद्यांत लिहिण्याची पद्धत, धरा. रॅकेटच्या एक्स-एक्स्प्रेशन या तशाच पद्धतीत गुणधर्म नुसत्या जोड्यांच्या यादीत येतात, एसएक्सएमएलमध्ये त्या यादीच्या डोक्यावर @ असतो. एकातून दुसऱ्यात नेणारं फंक्शन दहा-बारा ओळींचं होईल, ते रॅकेटच्या बाजूला ठेवा.

डोंबिवलीलोकल

कृष्णाकाठ यांच्या तीन घटकांच्या यादीला +1. पायथनवाल्यांनी 2003 मध्ये डब्ल्यूएसजीआय ठरवलं, रूबीत 2007 मध्ये रॅक आलं, क्लोजरमध्ये रिंग आहे, कॉमन लिस्पमध्ये क्लॅक. सगळ्यांनी केलं ते एवढंच, की ॲप आणि सर्व्हर यांच्यामध्ये साध्या मूल्यांची सीमारेषा आखली. म्हणून तिथे सर्व्हर बदलला तरी ॲपला हात लावावा लागत नाही.

बोलीच्या आतल्या गोष्टींवर विसंबलं की काय होतं याचं एक उदाहरण. हॅकर न्यूज ही साइट ज्या आर्क बोलीत लिहिलीय ती 2008 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा रॅकेटच्याच पूर्वजावर, मझस्कीमवर उभी होती. तिला बदलता येणारे कप्पे लागत. चौथ्या आवृत्तीत ते गेले आणि पुढे काही काळ आर्क चालवायला जुनी 372 आवृत्तीच शोधून बसवावी लागे.

ताई, एक आगाऊ सूचना: 'साताऱ्याचा' हा शब्द लोक दोन तऱ्हांनी टंकतात. कुणी ऱ हे वेगळं चिन्ह वापरतं, कुणी साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना एकच, शोधात वेगळे. रॅकेटच्या स्ट्रिंग-नॉर्मलाइझ-एनएफसीने हे एक होत नाहीत. शोधायच्या आधी दुसऱ्याचं पहिलं करणारं फंक्शन गाभ्यात ठेवा, दोन्ही बोलींत आपोआप मिळेल.

दाखलनोंद

मनापासून आभार. लेट* केल्यावर यादी सुरळीत आत आली. शीर्षक कापणारं फंक्शन काढून टाकलं, सीएसएसने छान दिसतंय. आणि हो, आमच्या शोधात सातारा, कऱ्हाड दोन्हींचा घोळ आहेच. वाचक तक्रार करायचे आणि मला कारण सापडत नव्हतं.

रॅकेट/बेसही करून पाहिलं. फरक पडला, पण दोनपैकी एका ग्रंथालयाच्या यंत्रावर अजून जडच जातंय. म्हणून चिकनचं काम चालू ठेवते आहे.

आता अडलंय ते अनामत परतीच्या फॉर्मपाशी. सभासद निवडा, त्याच्याकडची पुस्तकं जमा झाली का ते पाहा, मग रक्कम कायम करा, अशा तीन पायऱ्या आहेत. मूळ लेखकांनी ते सेंड/सस्पेंडने लिहिलंय. वाचायला अप्रतिम आहे, वरून खाली सरळ एक गोष्ट वाचल्यासारखं. चिकनमध्ये त्याला पर्याय काय?

कृष्णाकाठ

ती शैली मलाही अतिशय प्रिय आहे, त्यामुळे हे जड मनाने लिहितो: तो भाग पोर्ट करू नका, नव्याने लिहा.

सेंड/सस्पेंड पान पाठवतं, कार्यक्रम तिथेच थांबवतं आणि 'इथून पुढे काय' हे सगळं कंटिन्युएशनच्या रूपात सर्व्हरच्या स्मृतीत ठेवून त्याला एक पत्ता देतं. कंटिन्युएशन हातात देणारं कॉल/सीसी चिकनमध्येही आहे, आणि तिथल्या कंपाइलरची घडण अशी आहे की ते फार स्वस्तात पडतं. म्हणजे सेंड/सस्पेंडसारखं काही चिकनवर उभं करता येईल. पण रॅकेटचा वेब सर्व्हर त्याभोवती बरंच करतो. जुनी कंटिन्युएशन्स कधी टाकायची, मागे जाऊन परत बटण दाबलं तर काय, पत्ता मुदतबाह्य झाला तर कोणतं पान दाखवायचं. ते सगळं तुम्हाला लिहावं लागेल आणि दोन्हीकडे तंतोतंत सारखं वागवावं लागेल.

तुमच्या गावांत वीज जाते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. यंत्र पुन्हा सुरू झालं की स्मृतीतलं ते 'पुढे काय' गेलं. ग्रंथपाल तिसऱ्या पायरीवर रक्कम कायम करतायत आणि पत्ता सापडत नाही. हॅकर न्यूजवर बरीच वर्षं 'अनोळखी किंवा मुदत संपलेला दुवा' असा संदेश यायचा तो याच प्रकारातून. पैशाच्या व्यवहारात ते नको.

त्याऐवजी डेटाबेसमध्ये अनामत-परती अशी एक नोंद करा: सभासद क्रमांक, पायरी, रक्कम, कुणी केली. पत्त्यात त्या नोंदीचा क्रमांक. गाभ्यात एकच फंक्शन, जे नोंद आणि फॉर्म घेऊन पुढची नोंद आणि दाखवायचं पान देतं. वाचायला मूळ कोडइतकं सुंदर होणार नाही. पण वीज जाऊन आल्यावर ग्रंथपाल तिथूनच पुढे जातील, आणि तपासणीला कोणत्या पायरीवर काय झालं ते दिसेल.

हे लिहून झालं की गाभ्याच्या चाचण्या एसआरएफआय 64 मध्ये लिहा आणि प्रत्येक बदलानंतर दोन्ही बोलींवर चालवा. चाचणीतली नावं मराठीच ठेवा, जोडाक्षरांची, रफाराची. कंटेंट-लेंग्थसारखे दोष त्यातच सापडतात.

दाखलनोंद

पटलं. मूळ लेखकांना कळवलं आहे, त्यांनीही नोंदीचीच बाजू घेतली.

शेवटचा प्रश्न. परतीची तारीख रॅकेट स्वतः घड्याळ बघून काढतं. एका ग्रंथालयाच्या यंत्राचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर लावलेलं आहे. तिथे रात्री बारानंतरही तारीख आदल्या दिवसाची दिसते, पहाटे साडेपाचला बदलते. त्या वेळी ग्रंथालय बंद असतं, पण रात्री आपोआप निघणारी थकबाकीची यादी चुकते. चिकनमध्ये तारखांची लायब्ररी वेगळी आहे. कोणती धरू?

कृष्णाकाठ

देवघेवीसाठी कोणतीच नको. गाभ्याने घड्याळ बघायचंच नाही, आजचा दिवस त्याला बाहेरून द्यायचा. दोन्ही छोट्या फाइलींत करंट-सेकंड्स मिळतं. त्यात 19800 मिळवा, म्हणजे साडेपाच तासांचे सेकंद, आणि 86400 ने भागून फक्त पूर्णांक घ्या:

(क्वोशंट (+ सेकंद 19800) 86400)

हा झाला भारतातला आजचा दिवस-क्रमांक, यंत्राचं घड्याळ कोणत्याही विभागावर असो. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, म्हणून एवढं पुरतं. पुस्तक दिलं त्या दिवसाचा क्रमांक नोंदवा, परतीची मुदत म्हणजे त्यात मिळवलेले दिवस, आणि दंड म्हणजे साधी वजाबाकी. तारीख म्हणून दाखवायची तेवढ्यापुरतं रूपांतर कडेच्या फाइलीत करा. जुन्या नोंदींतल्या तारखा क्रमांकात बदलण्याचं काम मात्र रॅकेटवरच उरकून घ्या, तिथे त्या वाचणारा कोड आधीच आहे.